आत्याची बत्तिशी

आमची आत्या पंचाहत्तरीतही सुपारी दाढेखाली धरून फोडायची. तो आवाज ऐकून माझ्या उरलेल्या दातांना कळ यायची. सकाळी मशेरी, दुपारी पान, आणि ब्रश म्हणजे चपला घासायची वस्तू. तरी बत्तीसच्या बत्तीस शाबूत!

मी रत्नागिरीत विज्ञानाचा शिक्षक. दातांच्या निगेवरचं माझं व्याख्यान मिरजोळ्यापासून हातखंब्यापर्यंतच्या शाळांत गाजलेलं. त्यात आत्या ‘असं करू नये’ या सदरात यायची. पन्नाशीला माझा पुढचा दात पडला, तो भर व्याख्यानात. पोरांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना तो प्रयोग वाटला. आत्याचं म्हणणं एकच, "मेल्या, एवढा घासतोस, तर राहिलेत किती ते मोज."

माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कचेरीत कारकून, सदरा कायम इस्त्रीचा. पण चाळिशीतच तोंडाचं बोळकं झालेलं आणि त्याआधी कित्येक वर्षं तोंडाला वास. आत्या त्यांना सगळ्यांदेखत घाणेरडा म्हणायची. बाबा उठून पुन्हा दात घासायला जात.

बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सोबतीला आत्या. बाईंनी घरच्यांच्या दातांची चौकशी केली, तेव्हा आत्याने हौसेने आ वासून दाखवला. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, किटण सगळ्यांच्याच दातांवर बसतं, पण काहींचं शरीर त्याच्याशी इतकं भांडतं की हिरड्यांखालचं हाडच झिजतं. ही ठेवण जन्माची, सख्ख्या भावंडांतही वेगळी निघते. घासणं सोडायचं नाही, पण सगळा दोष घासण्याला देऊ नये. वडिलांचंही बहुधा हेच असावं. माझी तर इज्जतच वाचली, मी खूश! आत्याने मात्र रिक्षात पानाचा डबा उघडलाच नाही.

त्या वर्षी बाबांच्या स्मृतिदिनाला गावच्या बुद्धविहारात सगळी भावकी जमली, मुंबईकरसुद्धा. वंदना झाली की एकेकाने दोन शब्द बोलायचे. आत्या जन्मात कधी बोलायला उभी राहिली नव्हती. ती खांब धरून उठली.

"जय भीम. माझा भाऊ रोज तीनदा दात घासायचा. त्याच्या हिरड्याच जन्माच्या तशा होत्या. बाहेरचे आपल्याला घाणेरडे म्हणायचे, ते म्हणायचेच. मी सख्खी बहीण असून म्हटलं. माझं चुकलं."

एवढं बोलून ती खाली बसली.

पुढचा नंबर माझा. खिशात चार पानी भाषण. व्याख्याते ना आम्ही! त्यात बाबांची शिस्त होती, स्वाभिमान होता, शिक्षणाची तळमळ होती. मी शाळकरी असताना माझ्या शाळेच्या समारंभाला ते आले, तेव्हा तोंडाला वास येतो म्हणून मी त्यांना शेवटच्या रांगेत एकटं बसवलं होतं, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

मी चारही पानं वाचली. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. तिचं ते शेवटचं दोन शब्दांचं वाक्य अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही.