तिकडची सही, इकडची सही

ज्या देशाची भाषा मी शिकले, त्याचं नाव इथे लिहिणार नाही. त्यात गुपित असं काही नाही. पण ज्या कामाची ही गोष्ट आहे, त्या वेळी मी बाहेर काही न बोलण्याच्या एका कागदावर सही केली होती, आणि सही केलेल्या कागदाची धास्ती मला अजून आहे.

माझं लहानपण भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील स्विचबोर्डवर होते. तारेत करंट नाही असं दुसऱ्या कुणी सांगितलं की ते मान डोलवायचे, आणि मग स्वतः टेस्टर लावून बघायचे. तो स्वभाव माझ्यात उतरला, त्याचा फायदा किती झाला ते ठाऊक नाही. कॉलेजनंतर मुंबईत ती परकी भाषा शिकले, एका कचेरीत वर्षानुवर्षं यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित केली. लग्नानंतर कर्जतला आले. यजमान शाळेत भूगोल शिकवत, आता निवृत्त आहेत. माझंही काम हळूहळू कमी झालं होतं. अशात एका दुपारी कुंभिवलीहून फोन आला.

फोन करणाऱ्याचं तिथे हायवेला लागून मशीन शॉप होतं. घरची भातशेती, त्यातल्याच एका तुकड्यावर त्यानं शेड घातली होती. डिप्लोमा करून आधी खोपोलीच्या कारखान्यात काम केलेलं. दक्षिणेकडच्या एका अणुवीज केंद्रासाठी तो व्हॉल्व्हच्या बॉड्या, म्हणजे बाहेरची कवचं, बनवत होता. पाण्याच्या पाइपाला कॉक असतो तसाच हा, फक्त पोलादाचा आणि माणसाच्या छातीएवढा. केंद्राची रचना त्या देशाची, आत जळणारं इंधनही तिकडूनच येणार. काही सुटे भाग मात्र इथे बनवायचे असं दोन्ही सरकारांत ठरलेलं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीमार्फत ते काम याच्यापर्यंत आलं होतं. एकेका बॉडीवर त्या देशाचा तपासनीस सही करणार, तेव्हाच माल हलणार.

"त्यांना इंग्रजी येत नाय म्हणतात, ताई. आणि आपल्याला त्यांचं काय येतंय? तुमी मधी असलात तर बरं."

मी हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी घरी एक गृहस्थ आले. साधा शर्ट, पायांत चपला. चौकशीसाठी आलोय म्हणाले, कुठल्या खात्याचे ते नीट सांगितलं नाही. चहा घेतला. ती भाषा का शिकलात, तिकडे कधी गेला होतात का, पत्रव्यवहार आहे का, असं विचारत राहिले. लिहून काहीच घेतलं नाही. यजमान म्हणाले, "लिहून घेत नाही त्याला सगळं आधीच ठाऊक असतं."

कामाच्या आधी मला एक करारपत्र वाचायला दिलं. दोन मोठ्या देशांच्या करारातली कलमं उतरत उतरत त्या शेडपर्यंत आली होती. हा भाग फक्त शांततेच्या कामासाठी वापरला जाईल. तिसऱ्या देशाला दिला जाणार नाही. रेखाचित्रं मागितली की परत करावी लागतील. मी मालकाला एकेक ओळ मराठीत सांगत होते.

"माझ्या लेथवर युद्ध कुठनं येणार, ताई?" तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्यानं विचारलं, "आणि इंधन त्यांनी नाय दिलं तर?"

"त्याचा करार वेगळा असतो. काही वर्षांनी नव्यानं करावा लागतो."

"म्हंजे विहीर आपली न् पोहरा त्यांचा."

तपासनीस साठीच्या आसपासचा, भुवया पांढऱ्या झालेला माणूस होता. खोपोलीच्या हॉटेलात उतरला होता, सकाळी गाडी त्याला घेऊन यायची. पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येक बॉडीवर हात फिरवला, मापं घेतली, लाल रंग लावून बारीक चीर दिसते का ते पाहिलं. मी वाक्यं इकडून तिकडे करत होते. त्याचा चेहरा खूश दिसत होता. दुसऱ्या दिवशी सह्या करेल असं मालकाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलाद कुठून आलं त्याचे कागद मागितले. ते दिले. तिसऱ्या दिवशी तेच कागद पुन्हा मागितले. चौथ्या दिवशी सहा बॉड्या बाजूला काढून म्हणाला, यांच्या आतल्या सीटची फिनिश मनासारखी नाही. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा झडप जिथे टेकते ती जागा म्हणजे सीट. नक्की काय कमी आहे ते मात्र त्यानं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "मालकांना कळेल."

मालकाला कळलं नाही. त्यानं स्वतः मापं घेतली, ऑपरेटरकडून घेववली. सगळं बरोबर येत होतं.

"ताई, ह्येंना हा माल इथं बनायलाच नको हाय का? आपल्याला जमत नाय म्हटलं की सगळंच तिकडनं येईल."

मला ते पटलं. पण त्याच दिवशी दुपारी मी आणखी एक गोष्ट पाहिली. तपासनीस ऑफिसात एकटाच बसला होता, टेबलावरचं इंग्रजी वर्तमानपत्र त्याच्या हातात होतं. पहिल्या पानावर बातमी होती: दिल्लीत दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची बोलणी, पुढच्या वर्षांचं अणुइंधन आणि त्याला जोडून तेलाची खरेदी. आपण त्यांच्याकडून तेल घेतो म्हणून एक तिसरा मोठा देश नाराज आहे, असंही त्यात होतं. तो नुसतं चाळत नव्हता. डोळे ओळीओळीनं सरकत होते. आतल्या पानावरची उरलेली बातमीही त्यानं शोधून वाचली. मी दारात आहे हे कळल्यावर त्यानं पेपर सावकाश घडी घालून ठेवला.

इंग्रजी येतं तर मग मी कशाला? हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही.

पाचव्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही शेडबाहेर उभे होतो. त्याला फोन आला. तो दूर गेला नाही, आवाजही हळू केला नाही. मी हातभर अंतरावर, कप घेऊन. तो म्हणाला, "माल चांगला आहे, मी आधीच कळवलंय." मग बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "समजलं. तिकडची सही होऊ दे, मग इकडची." फोन खिशात टाकून त्यानं मला विचारलं की समोरच्या डोंगराला काय म्हणतात. मी सांगितलं. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

घरी आल्यावर जेवताना यजमानांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, सही केली होती. पण इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी आपोआप बोलल्या जातात.

ते म्हणाले, "तिकडची म्हणजे दिल्लीची कशावरून? त्याच्या साहेबाची असेल."

"असेल."

"आणि अगं, तो तुझ्यासमोर का बोलला? पाच दिवस त्याचा शब्द न् शब्द तू मराठीत आणतेयस. तुला कळतं हे त्याला माहीत नाही?"

मला वाटलं होतं की मी काहीतरी चोरून ऐकलंय. ते मला ऐकवलं गेलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. का ऐकवलं असेल? मालकाची कीव आली म्हणून? की मी मालकाला सांगावं, त्यानं पुण्याला ओरड करावी, पुण्याच्या कंपनीनं दिल्लीत कुणाला तरी गाठावं, म्हणून? तसं असेल तर त्या अख्ख्या साखळीतली पहिली कडी मी होते, आणि कर्जतच्या स्वयंपाकघरात बसून पापड मोडत होते.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला नाही. तब्येत बरी नाही असा निरोप होता. मी पोचले तेव्हा मालकानं सहापैकी पहिली बॉडी मशीनवर चढवली होती. सीट पुन्हा कापायचं त्यानं ठरवलं होतं. माप आधीच काठावर होतं. आणखी केसाइतकं जरी कापलं तरी तो तुकडा कायमचा भंगार. ते त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण नुसतं बसून राहणंही त्याला सोसत नव्हतं.

"फिनिश पायजे ना त्याला? देतो फिनिश."

ऑपरेटर बटणापाशी उभा होता. मी गप्प राहणार होते, अगदी ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "कापू नका."

मालकानं वळून बघितलं.

"थांबा थोडे दिवस. मालात काही नाही."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

त्यानं ऑपरेटरला हातानं थांबवलं. माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, पण त्या बघण्यात आधीचा मोकळेपणा उरला नव्हता. मग म्हणाला, "उतरव रं ती." बॉडी खाली आली. मला चहा विचारला नाही.

दोन दिवसांनी ते चपलेतले गृहस्थ पुन्हा घरी आले. या वेळी चहा नको म्हणाले. "शॉपवाल्याला तुम्ही काहीतरी सल्ला दिलात म्हणे?"

शेडमध्ये तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, मालक आणि ऑपरेटर.

"मशीनवर चढवलेला तुकडा उतरवायला सांगितला," मी म्हटलं. "वाया गेला असता."

"तुम्हाला मशीनचं कळतं?"

"इतक्या वर्षांची भाषांतरं आहेत. थोडं कळतं."

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी मान हलवली. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "त्यांच्याकडून भेटवस्तू वगैरे आली तर कळवा." नंबर मात्र दिला नाही.

मग काही दिवसांनी वर्तमानपत्रात छोटीशी बातमी आली की दिल्लीत इंधनाचा करार झाला. बरोबरचं छायाचित्र मी चष्मा लावून पाहिलं. लांब टेबल, हसरी माणसं, मधोमध दोन झेंडे. त्याच आठवड्यात मालकाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "उद्या येतोय तो. तुमी पण या."

तपासनीस त्या सकाळी आला, कोट काढला आणि सह्या करायला बसला. बाजूला काढलेल्या सहा बॉड्यांजवळ तो फिरकलाही नाही. कागद पुढे करायचा, सही, शिक्का, पुढचा कागद. चहाच्या आत सगळं संपलं. मालक शेजारी उभा राहून बघत होता. त्याला आनंद झाला असणार, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याच्या हातच्या कामाला कुणी चांगलंही म्हटलं नव्हतं न् वाईटही. ते नुसतं अडवून ठेवलं होतं आणि नुसतं सोडून दिलं होतं.

निघताना तपासनीसानं मला चॉकलेटचा डबा देऊ केला. मी नको म्हटलं. आग्रह न करता त्यानं तो पिशवीत परत ठेवला, जणू नको म्हणणार हे त्याला माहीत होतं. मग आपल्या भाषेत म्हणाला, "तुम्ही चांगल्या दुभाषी आहात. न सांगितलेलंही नीट पोचवता."

मालकानं विचारलं, "काय म्हणाला?"

"चांगलं काम केलंत म्हणाला."

"कोणी? मी का तुमी?"

"दोघांनीही," मी म्हटलं. त्या अख्ख्या कामात जाणूनबुजून केलेलं माझं ते एकच चुकीचं भाषांतर.

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. मालकाला दुसरी ऑर्डर मिळाल्याचं आणि तपासणीला तिकडचे दोघं आल्याचं कानावर आलं. मोबाइलवर बोललं की भाषा बदलून मिळते, त्यावर भागवलं म्हणे. मला राग आला नाही असं म्हणणार नाही.

वर्षभरानं खालापूरला तहसील कचेरीत उताऱ्याच्या कामासाठी गेले होते, तिथे मालक भेटला. जरा जाड झाला होता. आदरानं बोलला, यजमानांची चौकशी केली. आवारातल्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो.

"त्या दिवशी तुमी नसतात तर साही तुकडे गेले असते, ताई. ते मी इसरलो नाय."

"मग परत बोलावलं का नाही?"

त्यानं रस्त्याकडे बघितलं. "तुमाला लय कळतं. मधल्या माणसाला लय कळलं का मला धाकधूक होते. आमी आपली माती आणि लोखंडवाली माणसं."

मग मीच विचारलं, "आपण तिघंच होतो तेव्हा. माझ्याकडे आलेल्या त्या माणसाला कोणी सांगितलं?"

"कोणता माणूस?" तो म्हणाला.

इतक्या सरळपणे म्हणाला की तो खरंच अनभिज्ञ होता की हे उत्तर त्यानं वर्षभर तयार ठेवलं होतं, ते मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही सापडेना. कर्जतला सोडतो म्हणाला, गाडी उभीच होती. मी म्हटलं, शेअर रिक्षानं जाईन. तो बरं म्हणाला, पण गेला नाही. रिक्षा भरून निघेपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि मी आतून त्याच्याकडे बघत राहिले.