गाळ ओला असताना धुवायचा

चौथीतनं शाळा सुटली, पण गाळाचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पंचगंगेचं पाणी ओसरलं की गाळ ओला असतानाच धुवायचा. एकदा वाळला की सिमेंट. नदीकाठच्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.

शिरोलीच्या फौंड्रीतनं रिटायर झाल्यावर मी आमच्या छोट्या बौद्ध संग्रहालयात राखणीला लागलो. तीन खोल्या. फुटके कोरीव दगड, काही पितळी मूर्ती, आणि काचेच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यात मातीच्या नऊ मुद्रा, रुपयापेक्षा जरा मोठ्या. फार पूर्वी भिक्खूंनी ओल्या मातीवर ठसा उमटवून केलेल्या. वर बारीक स्तूप, खाली अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती, तरी आल्या पाव्हण्याला आधी मुद्राच दाखवायचो. माझ्या आईला सगळी बुद्धवंदना तोंडपाठ होती, हेही सांगायचो. कुणी विचारलेलं नसायचं.

महापुरात पाणी कमरेपर्यंत आत आलं. ओसरल्यावर पहिला मीच पोचलो. संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या बाई पुण्यात अडकलेल्या, रस्ता बंद. फोनवर म्हणाल्या, "मामा, मुद्रांचा डबा उघडून सावलीत ठेवा. बाकी हात लावू नका."

"अवो, गाळ भरलाय डब्यात."

"असू दे. वाळू दे तसाच."

"वाळू दे? मॅडम, पूर तुमी टीव्हीवर बघितलाय. आमी घरात बघितलाय."

"मामा, ऐका की माझं."

"व्हय, व्हय," म्हणालो आणि फोन ठेवला.

गाळात घट्ट बसलेल्या मुद्रा अख्ख्या होत्या. बादलीत स्वच्छ पाणी घेतलं आणि नऊच्या नऊ हळूच आत सोडल्या. तेवढ्यात दगड धुवून घ्यावेत म्हणून बाहेर गेलो. परत येऊन हात घातला, तर बोटांना काही लागेना. तळाशी नुसता रेंदा.

मुद्रा भाजलेल्याच नव्हत्या. मातीचा कच्चा साचा कुठला आणि भाजलेला कुठला, हे फौंड्रीत मी नुसत्या बोटानं सांगायचो. पोरं पैज लावायची माझ्यावर. इथं बघितलंच नाही.

बाई तिसऱ्या दिवशी आल्या. ओरडल्या असत्या तर मीही भांडलो असतो. बादलीपाशी खाली बसल्या.

"पाणी ओतलं नाहीत ना?"

"न्हाय."

"यातला नदीचा गाळ कुठला, मुद्रांची माती कुठली?"

मला सांगता येईना. मी म्हणालो, "फोटो असतील की."

"एक आहे. डब्याचा. झाकण लावलेला."

अक्षरं उतरवून घ्यायला पुढच्या महिन्यात कुणी जाणकार येणार होते. बाईंनी माझ्यासमोरच फोन करून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही.

बादलीतलं पाणी केव्हाच आटलं. तळाची माती वाळून तडकलीय. ती बाईंनाही टाकवत नाही, मलाही. काचेच्या कपाटावर 'मातीच्या मुद्रा, नऊ' ही चिठ्ठी अजून आहे.

पाव्हणे आले की मी आता दगडांपासून सुरुवात करतो. आईचं काही सांगत नाही.