कोरे हातमोजे

भंडाऱ्यात माझा दातांचा दवाखाना सुरू होऊन चारेक वर्षं झाली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तोवर मी उघड्या हातांनीच दाढा काढायचे. चिमटे पाण्यात उकळायचे, हात साबणाने घासायचे, झालं. कॉलेजात आम्ही हेच पाहिलं होतं.

माझ्यासोबत शिकलेली एक मैत्रीण लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. तिने कुणाजवळ तरी रबरी हातमोज्यांचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी: 'इथे आता रक्तातून पसरणाऱ्या आजारांची सगळ्यांनी धास्ती घेतली आहे. मोज्यांशिवाय तोंडात बोट घालत नाहीत. एका पेशंटला एक जोडी, मग फेकायची.'

फेकायची? माझं मन धजेना. डबा पुरवून वापरायचं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी एका मास्तरांचा दात काढला, मोज्यांसकट हात साबणाने धुतले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. जवळच्या कारधा गावची एक आजी होती, दाढेपायी गाल टम्म सुजलेला. माझे हात दिसताच तिने तोंड मिटून घेतलं.

"काहून वो बाई? माह्या तोंडाची किळस येऊन राहिली का तुले?"

मला फार वाईट वाटलं. "नाही जी आजी. माह्या बोटाले चिरा पडल्या आहेत. एकाचा रोग दुसऱ्याले लागू नये म्हणून घातले. तुमच्यासाठीच."

आजीने जरा विचार केला. "मंग आता जो मानूस गेला, त्याच्या तोंडात बी हेच होते न?"

"धुतले न मी."

"धुतले त का झालं? तंबाखू खाते तो, मी पाह्यलं. कोरे काढ!"

मैत्रिणीची चिठ्ठी वाचून जे पटलं नव्हतं, ते तिथल्या तिथे पटलं. हसू दाबत मी नवी जोडी काढली. आजीने मोठ्ठा आ केला. दाढ निघेस्तोवर हूं की चूं केलं नाही. त्याच संध्याकाळी नागपूरला जाणाऱ्या शेजाऱ्याला मी आणखी मोजे आणायला सांगितले.

आठवड्याने आजी पुन्हा हजर, शेजारच्या तिघींना घेऊन. खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. प्रत्येकीच्या वेळी मी हात पुढे करायच्या आत तिचा हुकूम, "कोरे काढ वो बाई!" तिघींतली तिसरी एक तरुण सून होती, सुईला जाम भिणारी. तो हुकूम ऐकून ती इतकी खदखदून हसली, की इंजेक्शन कधी दिलं ते तिला कळलंसुद्धा नाही.