घरातल्या घरात

कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात दोन गोष्टी रोज साचतात, केस आणि किस्से. केस मंगलताई झाडून काढतात. किस्से माझ्याकडेच राहतात.

राजारामपुरीत माझा दवाखाना आहे आणि मंगलताई माझ्या अगदी सुरुवातीपासूनच्या मदतनीस. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी काय काय नाही पाहिलं! पण एक प्रकार असा आहे की तो दारातून आत येतानाच ओळखू येतो. मालक कुत्रीला टेबलावर ठेवतो, स्वतः काही बसत नाही आणि म्हणतो, "डॉक्टर, हिला गॅस झालाय बघा!"

मंगलताई माझ्याकडे बघतात. मी पोट चाचपते. गॅसचे पाय माझ्या हाताला लागतात!

"घरात दुसरा कुत्रा आहे?"

"आहे की. पण तो हिचा सख्खा भाऊ आहे!"

म्हणजे झालंच. दमले हो मी हे वाक्य ऐकून.

*

खोत सर पी.टी.चे शिक्षक होते, आता रिटायर्ड. त्यांच्याकडे एकाच वेतातले दोन लॅब्राडॉर, ब्रुनो आणि ब्राऊनी. प्रत्येक लसीच्या वेळी मी सांगायची, "सर, एकाचं तरी ऑपरेशन करून घ्या." सर ताठ बसून म्हणायचे, "आमच्या घरात शिस्त असते."

एक दिवस ब्राऊनीची सोनोग्राफी केली. स्क्रीनवर बारीक बारीक हृदयं लुकलुकत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हृदयं तिथंच होती.

"अहो डॉक्टर, ती दर राखीपौर्णिमेला त्याला राखी बांधते!"

"गाठ कोण मारतं, सर?"

"ही मारते." सरांनी बायकोकडे बोट केलं.

"मग तो तुमच्या मिसेसचा भाऊ झाला!"

मिसेस काही हसल्या नाहीत. पिल्लांसकट पिशवी काढायची, असं त्यांनीच ठरवलं. ब्राऊनीला भूल चढेपर्यंत सर तिचा पंजा धरून उभे होते. बाहेर जाताना दारात थांबले. "हिला नंतर कळेल का हो, आपण काय केलं ते?"

"नाही कळत, सर." मी सगळ्यांना हेच सांगते. कळतं की नाही, मला तरी कुठं माहीत आहे?

*

मुरगूडचे एक किराणा दुकानदार पॉमेरेनियन कुत्री घेऊन आले होते. घरात तिचं एक नर पिल्लू ठेवून घेतलेलं, तेही आता थोराड झालेलं. मी म्हटलं, "आईला दिवस गेलेत, आणि ते या पोरापासूनच."

दुकानदार खवळले. "काय बोलताय डॉक्टर! बारकं हाय की ते अजून! माझ्या मांडीवर झोपतंय!"

बाकावर एक बाई मांजर घेऊन नंबराची वाट बघत होत्या. त्या तिथनंच ओरडल्या, "पावणं, मांडीवर झोपतंय ते दिवसा!"

*

एक पैलवान होता. दारात उभा राहिला की दवाखान्यात अंधार व्हायचा. त्याच्या दोन कुत्र्यांचं, बहीणभावाचं, गच्चीवर जमलेलं त्यानं डोळ्यांनी बघितलं. पण बाईडॉक्टरला सांगायचं कसं? म्हणून गडी गेला मेडिकलमध्ये आणि हळूच म्हणाला, "ती गोळी द्या. दिवस जाऊ नयेत म्हणून असती ती."

मेडिकलवाल्यानं विचारलं, "पेशंटचं वय काय?"

पैलवान खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "दीड वर्ष!"

"मॅडम, त्यो काउंटरवरनं उडी मारून मला मारायलाच आला की!" हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

त्यानं दुसऱ्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि कुत्रीला चारल्या. माणसांच्या त्या गोळ्या. थोड्या दिवसांनी तिला माझ्याकडे आणली तेव्हा पिशवीत पू झाला होता आणि अंगात ताप फणफणत होता. ऑपरेशन चालू असताना पैलवान बाहेर पायरीवर बसून रडत होता. कुत्री वाचली. मग मी त्याला फैलावर घेतलं, "लगेच यायला काय झालं होतं?"

"तुमच्यासमोर त्यो शब्द कसा काढायचा, मॅडम?"

मंगलताईंचाही त्या दिवशी संयम सुटला. "गाभण म्हणायचं रे बाबा! गाभण! म्हण बघू!"

तो एवढा लाल झाला, पण म्हणाला नाही.

*

कागलचं एक मोठं कुटुंब जीप भरून आलं. दोन जर्मन शेफर्ड, भाऊ आणि बहीण. बहीण माजावर आली म्हणून भावाला मागच्या अंगणात, जाळीच्या फाटकाआड कोंडलेला. तरी व्हायचं ते झालंच. म्हणजे फाटक कुणीतरी उघडं ठेवलं. कुणी?

"हिनं!" सासूबाई म्हणाल्या. "मोबाइल बघत कपडे वाळत घालती. कडी कोण लावणार?"

घरात रोज हेच ऐकून सुनेचे डोळे सुजले होते. नवराही खाली बघत होता.

मी नराचंही ऑपरेशन सुचवलं होतं, म्हणून त्यालाही आणलेला. मंगलताईंनी त्याला मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यात घालून कडी लावली. इकडे आमच्यासमोर भांडण रंगलं. माझं डोकं दुखायला लागलं होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, खट्!

सगळ्यांनी वाकून बघितलं. त्या पठ्ठ्यानं गजांमधून नाक बाहेर काढून कडी वर उचलली होती. पिंजऱ्याचं दार पंज्यानं ढकललं, रुबाबात चालत बाहेर आला आणि सुनेच्या पायाशी येऊन बसला.

सून डोळे पुसून म्हणाली, "आत्याबाई, ह्यो पण मोबाइल बघत हुता व्हय?"

*

हा शेवटचा मी फारसा सांगत नाही.

चंदगडकडचं एक वयस्कर जोडपं एसटीनं आलं होतं. काकूंच्या पदरात एक पिल्लू. त्यांच्या कुत्रीला तिच्याच भावापासून झालेलं. बाकीची पिल्लं गेली होती, हे एवढंच उरलेलं. तोंड उघडून बघितलं तर टाळूला भेग. प्यायलेलं दूध नाकातून बाहेर येत होतं.

त्या दिवशी सकाळपासून मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी एका दमात बोलून टाकलं. "रक्ताच्या नात्यातलं असलं की असं होतं. नात्यात नको, नात्यात नको म्हणून मी घसा कोरडा करते. ऐकतंय कोण? हे काही जगायचं नाही. उगाच हाल. झोपेचं इंजेक्शन देऊन टाकू."

काका आपल्या पायांकडे बघत राहिले. काकूंनी विचारलं, "सगळीच अशी निघत्यात?"

"सगळी नाही. एखादं."

"व्हय," काकू म्हणाल्या. "एखादंच."

मग पदरानं पिल्लाचं नाक पुसत, "नळीनं दूध घातलं तर?"

"घालता येतं. मोठं झालं की टाळूही शिवता येते. पण तोवर दिवसरात्र सारखं पाजत बसावं लागतं, काकू. एक वेळ चुकली तरी जातं. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"थोरला, मधला पुण्याला हाईत. चांगलं चाललंय त्यांचं. घरात आमी दोघं. आन् धाकटा."

"मग धाकट्याला सांगा ना, थोडं तो करेल, थोडं तुम्ही..."

"त्येला आमीच भरवतो," काकू म्हणाल्या.

सिरिंज माझ्या हातातच होती. मंगलताई जागच्या जागी थांबल्या.

काकूंनी हळूच काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "डॉक्टर, ह्ये माझं सख्खं मामा."

काकांनी मान वर केली नाही. काकूंनी पदर सोडून पिल्लू टेबलावर ठेवलं आणि हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

"नळी कशी घालायची, तेवढं दावा. आमची एसटी हाय."