गोष्टीतली आटपाडी

उंब्रजला आमच्या शेजारी पोस्टातले एक कारकून राहत. ते गोष्टी लिहीत आणि मासिकांकडून त्या साभार परत येत. प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे असं बघा" म्हणायची त्यांना सवय. स्वतः बघायचं मात्र राहून जाई. त्यांच्या गोष्टीतली प्रत्येक बाई नाकीडोळी नीटस आणि प्रत्येक गाव हिरवंगार असे.

एकदा दिवाळी अंकासाठी लिहिलेली गोष्ट त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. नायिका आटपाडीची, आणि ती उसाच्या मळ्यात पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली. माझ्या बायकोचं माहेर आटपाडी. ती खो खो हसली. "आवं भावजी, आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, आन् तुमी तिला पाटात पाय बुडवून बसवताय व्हय?"

मला वाटलं, हे आता लिहिणंच सोडतील. पण त्यांनी रजा टाकली, एसटीने आटपाडी गाठली आणि दिवसभर तिथल्या एका विहिरीजवळ बसून आले.

रविवारी त्यांनी गोष्ट पुन्हा वाचली. नायिकेच्या नाकाडोळ्यांचा आता पत्ता नव्हता. घागर सोडण्याआधी ती वाकून पाणी कुठवर आहे ते बघत होती. घागर वर आल्यावर हाताला लागलेलं पाणी तिने कडेवरच्या लेकराच्या तोंडावरून फिरवलं. एवढं वाचून ते भीतभीत थांबले.

मी बेरजा-वजाबाक्यांतला माणूस, मला गोष्टीतलं फारसं कळत नाही. म्हणून मी बायकोकडे पाहिलं. तिचा भाकरी थापणारा हात थांबला होता.

"थांबलासा का?" ती त्यांना म्हणाली. "फुडं काय झालं तिचं?"