जाळ्याखालचा दिवा

इतक्या वर्षांत पुष्कळ बंदोबस्त केले, पण त्या दिव्याची केस काही केल्या डोक्यातून जात नाही. मी पोलीस नव्हते. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात होमगार्ड होते. चौकशीला बाई आली की तिच्याजवळ बसायला मला बोलवत. बोलायचं काम साहेबांचं, बसायचं माझं. मला ते बरं होतं.

त्या पावसाळ्यात रडारवर परक्या बोटीची खूण दिसली आणि नाहीशी झाली. बोट काही सापडेना. नाकाबंदी लागली. रिक्षावर भोंगा लावून वाडीवाडीत सांगितलं, समुद्रातून काही वाहत आलं असेल तर ठाण्यात कळवा. मग खबर आली, कोळीवाड्यात एका घरी जाळ्यांच्या ढिगाखाली काहीतरी लुकलुकतंय. खबर शेजाऱ्याने दिली होती. बहुतेक वेळा शेजारीच देतो.

फौजदार साहेबांबरोबर आम्ही गेलो. घरात म्हातारी आई आणि तिशीतला मुलगा. तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. जाळी उचलली तर खाली भोपळ्याएवढा प्लास्टिकचा गोळा. वर तार, आत दिवा, अंगावर परकी अक्षरं. बॉम्बशोधक पथकाने धोका नाही म्हटल्यावर पंचनामा झाला, गोळा जप्त केला आणि मुलाला ठाण्यात आणलं. आई मागोमाग चालत आली. मी तिच्याजवळ बाकावर बसले. समोर खोलीचं दार उघडंच होतं.

"कुठे सापडला?" साहेबांनी विचारलं.

"खडकात अडकला हुता, साहेब. पडवीत टांगला. वाडीतली पोरं बघायला येत."

"मग भोंगा ऐकल्यावर का लपवलास?"

साहेबांनी चढ्या आवाजात विचारलं, मग चहा देऊन विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. गप्प बसणारा माणूस दोषीच असतो असं नाही. पण जबाबात "उत्तर दिले नाही" असं लिहिलं की ते वाईटच दिसतं.

साहेब म्हणाले, "संध्याकाळी मुंबईहून पथक येतंय. तोवर नाही बोललास तर ते तुला घेऊन जातील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हातारीने माझा हात धरला. "बाय, मागं यानं डबा आणून दिला, तवा तूच हुतीस ना दारात?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोच होता. मागे समुद्रात सापडलेला एक बंद डबा त्याने आपण होऊन ठाण्यात आणून दिला होता. डब्यात ग्रीस निघालं. पण त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं, मच्छीमाराचं कार्ड पडताळणीसाठी ठेवून घेतलं. ते परत मिळेपर्यंत हंगाम संपला आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाने दुसरा खलाशी घेतला.

"तवा सांगितलं तर हेलपाटे," म्हातारी म्हणाली, "आता न्हाय सांगितलं तर अतिरेकी. माझ्या पोरानं करायचं काय, तेवढं भोंग्यावर सांगा की."

साहेबांसमोर मला कधी शब्द फुटत नसे. तरी उठले. दारात उभी राहून म्हटलं, "साहेब, हा तोच. ग्रीसचा डबा आणणारा."

साहेबांनी त्याला विचारलं, "हे तू का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, दर वेळी याच्याच हाताला कसं लागतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणालो असतोच."

त्यांनी ते सगळं जबाबात लिहून घेतलं. मुंबईच्या पथकाने गोळा पाहिला. तो परदेशी मासेमारांच्या जाळ्याला बांधलेला तरंगता बोया होता, तुटून वाहत आलेला. रडारवर बोट म्हणून दिसली ती त्याच्या तारेतून जाणारी खूण होती. मुलाला दुसऱ्या दिवशी सोडलं. कार्ड पुन्हा पडताळणीसाठी ठेवून घेतलं.

मायलेक गेल्यावर साहेब मला म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल, मी उगाच छळतो. किनारा एवढा मोठा आणि आम्ही इतके थोडे. एखाद्या दिवशी खरंच काही उतरलं आणि कोणी कळवलंच नाही तर?"

तेही खरं होतं. म्हातारीचंही खरं होतं. या केसने काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा ओहोटीला कालवं काढायला गेले होते. खडकात तसाच एक गोळा अडकलेला, तार वाकडी झालेली. बाजूला तो मुलगा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होता.

"मावशी, बघितलंस?"

"बघितलं."

"मी न्हाय बघितलं," म्हणाला आणि ओला पाग खांद्यावर टाकून निघून गेला.

मी ठाण्याला फोन केला. माझं नाव सांगितलं. पलीकडून विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं?"

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

असं खोटं बोलणारे मी ठाण्यात खूप पाहिले. ते तसं का बोलतात ते आता कळतं. बरोबर की चूक, ते मात्र अजून कळत नाही. गाडी येईपर्यंत तिथेच थांबायला सांगितलं होतं. वाळूत त्याच्या पावलांचे ठसे होते आणि भरतीला अजून वेळ होता. मी त्या ठशांवरून येरझाऱ्या घालत राहिले.