उसाला गेलेल्यांना बेपत्ता कोणी ठरवले?

गेल्या जूनमधील आमच्या संशोधन संस्थेची बैठक: मज्जारज्जूच्या गाठींच्या रुग्णांची वार्षिक तपासणी एप्रिलऐवजी डिसेंबरात घेण्याचा ठराव. जबाबदार: माझ्यानंतर विभागप्रमुख झालेले माझे एक विद्यार्थी.

डिसेंबर: न आलेल्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असा शेरा, आणि नावे यादीतून वगळलेली. जबाबदार: तेच, आणि त्या शेऱ्याखाली सही करणारे संचालक.

गुढीपाडव्यानंतरचा सोमवार: युसूफ वडगाव या गावची एक रुग्ण संस्थेच्या दारावरून परत. जबाबदार: वरील दोघे. दारावरच्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने यादीत नाव शोधले. ते तिथे ठेवलेलेच नव्हते.

मी मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींचा शल्यचिकित्सक. माझे सारे संशोधन एका प्रश्नामागे गेले: काढलेली गाठ कोणात परत उगवते आणि का? निम्मे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. उरलेले निम्मे रुग्ण स्वतःच्या पायांनी दरवर्षी घेऊन येतो.

हे पाय आमच्या जिल्ह्यात दसऱ्यानंतर घरी नसतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून गावे ऊस तोडायला निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. म्हणून आरंभीच मी तपासणी एप्रिलात नेमली. “एका दिवसाची सुट्टी घेता येत नाही का त्यांना?” असे शहरातल्या एका सहकाऱ्याने तेव्हा विचारले होते. ऊसतोडीच्या मजुरीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बायको उसाच्या फडातून उठली की नवऱ्याचाही कोयता मोडतो, दोघांची मजुरी बुडते, हे मी त्याला समजावले. त्याला पटले. आजच्या विभागप्रमुखांनीही ते त्याच खोलीत ऐकले होते.

दारावरून परतलेली ती बाई दुसऱ्याच दिवशी नवऱ्यासह परळीला माझ्या घरी आली. औष्णिक वीज केंद्राची राख ओसरीवर बसली होती; तिने ती पदराने झटकली आणि बसली.

“सायेब, मी हरवले म्हनं. कावून? उसाला गेलते. अख्ख्या गावाला ठाव हाय.”

“तिथल्या मानसाला म्या म्हनलं,” नवरा म्हणाला, “बे, ही काय पुढ्यात हुबी हाय, डोळं उघड की! तर म्हनतो, यादीत न्हाई.”

“तुमी गप बसा. तुमच्या तोंडापाई चहाबी न्हाई मिळाला तिथं.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “डावा पाय लई जड झालाय, सायेब. मोळी घिऊन टरकच्या फळीवर चढताना चप्पल गळती, अन् मला कळतबी न्हाई.”

मी तिला तपासले. डाव्या पायाचा अंगठा मी वर केला की खाली, हे तिला डोळे मिटून सांगता येईना. गाठ परत उगवत असावी. एमआरआयचे नवे चित्र कुठेही काढता येईल. पण गाठ किती वाढली हे जुन्या चित्रांशी ताडूनच कळते, आणि ती संस्थेत आहेत.

मी विभागप्रमुखांना फोन केला.

“सर, डिसेंबरात यंत्र मोकळं असतं,” ते म्हणाले. “आणि जे आले त्यांची माहिती व्यवस्थित मिळाली.”

“कोण आले?”

 उत्तर मीच दिले. डिसेंबरात गावात उरतात ते बहुधा म्हातारे आणि ज्यांचे पाय चालत नाहीत ते. जे बरे होऊन फडात गेले ते तुमच्या हिशेबी बेपत्ता. म्हणजे शस्त्रक्रियेने माणसे पंगू होतात असे तुमचे संशोधन सांगणार, आणि ज्याची गाठ फडात परत उगवते तो तुम्हाला दिसणारच नाही.

“सर, ठराव झालाय. आता माझ्या हातात नाही.”

ठराव माणसे करतात आणि माणसेच तो फिरवतात. संशोधन चालू असेपर्यंत दरवर्षी तपासणी करू, हे वचन संस्थेच्या वतीने मी त्या बाईला वाचून दाखवले होते. त्यावर विसंबून तिने संमतिपत्रावर अंगठा उठवला. आपल्या सोयीसाठी महिना बदलून समोरच्यानेच करार मोडला असे म्हणणे कोणत्याही कायद्यात बसत नाही. ही संमती आहे, उपकार नव्हे.

संचालकांना मी पत्रे लिहिली. ‘विचाराधीन’ एवढेच उत्तर आले. पाय विचाराधीन राहत नाही. दसऱ्याला ती पुन्हा फडात जाईल, किंवा जाऊ शकणार नाही.

म्हणून आता खाजगी उत्तर मला नको. संचालकांनी दसऱ्यापूर्वी तिच्या तालुक्याच्या गावी, केजला, बाजाराच्या दिवशी, ज्यांना बेपत्ता ठरवले त्यांच्यासमोर उभे राहून सांगावे: या बाईची तपासणी कोणत्या दिवशी होणार, आणि तिला बेपत्ता कोणी ठरवले?